स्वयंसेवक पुरात अडकला, तर वाली कोण?

नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस ‘दित्वा’ चक्रीवादळाने श्रीलंकेत महापूर आला. कँडी परिसरात दरडी कोसळल्या. याच कँडीत मे 1950 मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. आपल्या माणसाला हे नाव परके नाही. कोलंबोत अडकलेल्या भारतीयांना सरकारने मायदेशी आणले, हे चांगलेच झाले.

पण घोडेगावच्या कांदा बाजारातील हमालाचा मुलगा उद्या अशा देशात विनामूल्य शिकवायला गेला आणि पुरात सापडला, तर? नोकरदाराच्या मागे कंपनी असते, पर्यटकाच्या मागे प्रवास एजंट. स्वयंसेवकाकडे बहुधा ना करारपत्र, ना विमा. कधी तर पर्यटक व्हिसावर नेऊनच त्याला वर्गात उभे केले जाते. सेवा म्हटली की कागद मागायचा नाही, ही आपली जुनी खोड. (वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतलेल्या समाजाने तरी हे ओळखायला हवे!)

भारतीय दूतावासांत 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडकलेल्या गरजू नागरिकाचा निवास व परतीचे तिकीट त्यातून होऊ शकते. ही कुणाची मेहेरबानी नव्हे; दूतावासातील सेवांवर लोकांकडूनच आकार घेऊन तो निधी उभा राहतो. मात्र आपला माणूस तिथे आहे, हे दूतावासाला ठाऊक तर हवे! म्हणून निघण्यापूर्वी संस्थेकडून लेखी घ्या: व्हिसा कोणता, विमा कोणाचा, आपत्तीत परतीचा खर्च कोण देणार. पोहोचताच दूतावासात नाव नोंदवा. पासपोर्टची प्रत घरी ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते.