विश्लेषण : पैसे आईच्या खात्यात की वडिलांच्या? घरखर्चाला फरक पडतो का?

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत जुलै २०२४ पासून दरमहा १५०० रुपये थेट महिलेच्या बँक खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. पण घर एकच, चूलही एकच. मग पैसे नवऱ्याच्या खात्यात आले काय नि बायकोच्या खात्यात आले काय, फरक तो काय? हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञही अनेक वर्षे विचारत आले आहेत.

जुनी समजूत काय होती?

कुटुंबाच्या अर्थशास्त्राचा पाया घालणारे गॅरी बेकर (१९९२चे नोबेल मानकरी) यांच्या मांडणीत घर हे जणू एकच माणूस. सगळी कमाई एका डब्यात जाते आणि सर्वांच्या भल्यासाठी खर्च होते. हे खरे असेल तर डब्यात पैसे कोणी टाकले याने खर्च बदलायला नको.

ब्रिटनमध्ये काय दिसले?

तेथे मुलांसाठीची मदत पूर्वी काही अंशी करसवलतीच्या रूपाने मिळे; म्हणजे सहसा वडिलांचा हाती येणारा पगार वाढे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती सवलत जाऊन रोख रक्कम थेट आईला मिळू लागली. लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स यांनी १९९७ मध्ये या बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत स्त्रियांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढल्याचे त्यांना आढळले. म्हणजे डबा एकच नव्हता.

आजीची पेन्शन आणि नातीचे वजन

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीच्या अखेरच्या काळात कृष्णवर्णीय वृद्धांची पेन्शन मोठ्या प्रमाणात वाढली. एस्थर डफ्लो यांच्या २००३च्या अभ्यासानुसार, पेन्शन आजीला मिळत असलेल्या घरांतील मुलींचे उंचीच्या मानाने वजन सुधारले. आजोबांच्या पेन्शनचा तसा परिणाम दिसला नाही. मुलग्यांच्या बाबतीत मात्र आजीच्या पेन्शननेही फारसा फरक पडला नाही.

नुसते खाते पुरते का?

नाही. मध्य प्रदेशात ‘मनरेगा’वर काम करणाऱ्या बाईची मजुरी अनेकदा कुटुंबप्रमुखाच्या, म्हणजे बहुधा नवऱ्याच्या खात्यात जाई. रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि सहकाऱ्यांनी तेथे प्रयोग केला. काही महिलांना केवळ खाते उघडून दिले. काहींची मजुरी थेट त्यांच्या खात्यात वळवली आणि खाते कसे वापरायचे हेही शिकवले. या दुसऱ्या गटातील महिला सरकारी आणि खासगी अशा दोन्ही कामांसाठी अधिक बाहेर पडल्या.

मग नेहमी आईलाच द्यावे?

तसा सरसकट नियमही नाही. मोरोक्कोत मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून रोख मदत दिली गेली. ती आईला मिळाली की वडिलांना, याने शाळेतल्या हजेरीत फारसा फरक पडला नाही. पैसे कशासाठी आहेत हे स्पष्ट सांगितले होते, तेवढे पुरले. म्हणजे योजनेची रचना आणि घरातली परिस्थिती दोन्ही पाहावी लागते.

घरात कोणाचे चालते?

अमर्त्य सेन यांच्या मते घरात सहकार्य असते तशी ओढाताणही असते. ज्याचे योगदान ‘दिसते’ त्याचे म्हणणे जास्त चालते. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या महिला त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे घालवताना आढळले. या पाच तासांची नोंद कुठल्याच पासबुकात नसते. खात्यात जमा होणारी रक्कम मात्र दिसते, म्हणूनच ती बाईच्या शब्दाला वजन देऊ शकते.

अट एकच. खाते तिच्या नावावर आहे, एवढ्याने भागत नाही. एटीएम कार्ड कोणाकडे आहे, बँकेचा मेसेज कोणाच्या मोबाइलवर येतो आणि पैसे काढताना कोणाला विचारावे लागते? तुमच्या घरात या तीन प्रश्नांची उत्तरे काय आहेत, ते एकदा पाहा.