बोली, डीडी आणि अनोळखी माणूस

पवईत हिरानंदानीच्या इमारती वर चढत होत्या आणि घराघरांत एमटीएनएलच्या फोनवरून इंटरनेट येत होतं, त्या काळात, 2000 साली, बाझी डॉट कॉम हे लिलावाचं संकेतस्थळ सुरू झालं. अवनीश बजाज आणि सुविर सुजान हे त्याचे संस्थापक, दोघेही हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकलेले. अमेरिकेत पिएर ओमिदियार यांनी 1995 मध्ये असंच लिलावाचं संकेतस्थळ काढलं होतं. तेच पुढे ईबे म्हणून जगभर पोहोचलं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून मोडका लेसर पॉइंटर सांगतात, 14.83 डॉलरला गेलेला. मोडक्या वस्तूलाही कुठेतरी गिऱ्हाईक असतं, एवढ्याच भरवशावर हा सगळा धंदा उभा राहिला.

बाझीचे जुने बोलीदार पवईत आजही भेटतात. कुणी आयआयटीत होते, कुणी चांदिवलीच्या कंपन्यांत. विषय काढला की सगळ्यांना आधी फोन आठवतो. नेट चालू असेतो घरचा फोन एंगेज. लिलाव संपायला पाच मिनिटं उरलेली आणि नेमका तेव्हाच कुणाला तरी गावी फोन लावायचा असायचा. लाइन तुटली की पुन्हा जोडणी होईपर्यंत वस्तू दुसऱ्याच्या पदरात पडलेली.

बोलीची रीत आपल्याकडच्या ‘एक वार, दोन वार, तीन वार’पेक्षा वेगळी होती. इथे हातोडा घड्याळाच्या हातात. शिवाय सगळी बोली उघड करायची गरज नसे. समजा, एका जुन्या नाण्यावर 200 रुपयांची बोली आहे आणि तुमची तयारी 500 पर्यंत आहे. तुम्ही 500 लिहून ठेवायचे. समोरचा 350 वर थांबला, तर तुम्हाला नाणं त्याच्यापेक्षा एका टप्प्याने जास्त, म्हणजे 360 च्या आसपास मिळे. तुमची खरी मर्यादा कुणाला कळत नसे. तरीही मुरलेले लोक आपला आकडा शेवटच्या काही सेकंदांपर्यंत टाकत नसत. आधी टाकला की दुसऱ्याला इरेला पडायला वेळ मिळतो, हे त्यांना ठाऊक होतं.

खरा कस लागायचा तो लिलाव जिंकल्यावर. क्रेडिट कार्ड फार थोड्यांकडे. मग बँकेत जाऊन डिमांड ड्राफ्ट, म्हणजे डीडी, काढायचा, तो कोइमतूरच्या किंवा लखनौच्या कधी न पाहिलेल्या माणसाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचा आणि वाट बघायची. परगावचा चेक दिला, तर तो वटेपर्यंत विक्रेता वस्तू हलवत नसे. पाठवणाऱ्याचीही कसोटी असे. टपाल तिकिटं विकणारे एक गृहस्थ प्रत्येक तिकीट आधी पारदर्शक कागदात घालत, मग दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून चारही कडांना चिकटपट्टी लावत, आणि मगच पवई आयआयटीच्या पोस्टात नेत. घडी पडलेल्या तिकिटाला संग्राहक हात लावत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

व्यवहार पुरा झाला की दोघांनी एकमेकांबद्दल अभिप्राय लिहायचा. चांगला, मधला, वाईट. माझ्या मते या साऱ्या पद्धतीचं मोल इथे होतं. कायदा लांब, पोलीस त्याहून लांब; अशा वेळी अनोळखी माणसाची पत ठरवायला दुसऱ्या अनोळखी माणसांच्या चार ओळी पुऱ्या पडत. एका वाईट शेऱ्याने हवालदिल होऊन ग्राहकाला पत्र लिहिणारे विक्रेते होते. पुढे पैसापे ही पैसे भरण्याची सोय आली, पैसे मध्यस्थाकडे राहू लागले आणि डीडीची दगदग संपली.

ईबेने 2004 मध्ये सुमारे 5 कोटी डॉलरला बाझी विकत घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बजाज यांना दिल्लीत अटक झाली. एका विक्रेत्याने अश्लील चित्रफीत विक्रीला लावली होती. तक्रारीनंतर ती उतरवली गेली, तरी संस्थेच्या प्रमुखावर खटला भरला गेला. इतरांनी मांडलेल्या मालाची जबाबदारी बाजार चालवणाऱ्यावर किती, हा प्रश्न देशात पहिल्यांदा इतक्या ठसठशीतपणे उभा राहिला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 मध्ये दुरुस्ती होऊन मध्यस्थांना अधिक स्पष्ट संरक्षण मिळालं. बजाज यांच्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो 2012 मध्ये. आठ वर्षं हा फार लांबलेला न्याय होता, असंच मी म्हणेन.

बाझीचं नाव जाऊन ईबे इंडिया आलं. नंतर ठरलेल्या किमतीचा माल वाढला आणि लिलाव मागे पडत गेले. 2017 मध्ये ईबेचा भारतातला कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट 2018 मध्ये ते संकेतस्थळ बंद झालं.

या काळाचे कागद दप्तरात सापडणार नाहीत, ते घरातल्या खणांत पडून आहेत. तुमच्याकडे बाझीच्या लिलावाची छापील प्रत, डीडीचं अर्धुक किंवा विक्रेत्याचं पत्र असेल, तर रद्दीत घालू नका. त्यावर तारीख, वस्तू आणि मोजलेली किंमत लिहून ठेवा, आणि कुणी अभ्यासक विचारायला आला तर त्याला दाखवा.