माउंटची पातळी

लग्नसराईत उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या कॅमेऱ्यांना उसंत नसते. वरातीच्या रेटारेटीत जड झूम लेन्ससकट कॅमेरा आपटला, तर काच कधी शाबूत राहते आणि मार खातो माउंट, म्हणजे लेन्स फिरवून अडकवायचं बॉडीवरचं धातूचं कडं.

चार-सहा स्क्रू काढून कडं बदलता येतं, पण कस लागतो तो मोजमापात. कड्याच्या पृष्ठभागापासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉनच्या एफ माउंटला ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफला ४४. छिद्र एफ/१.४ इतकं उघडलं, तर त्यात जेमतेम ०.०४ मिलिमीटरची चूक खपते. काही कॅमेऱ्यांत कड्याखाली कागदासारख्या पातळ चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. कोणती शिम कोणत्या स्क्रूपाशी होती, ते काढतानाच टिपून ठेवावं. नवं कडं बसवताना समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचं. फिल्मच्या कॅमेऱ्यात मागच्या रुळांवर सपाट पट्टी धरून डेप्थ मायक्रोमीटरने चारही बाजू मोजतात. सेन्सरला मात्र टोक लावता येत नाही. तिथे समांतर किरण सोडणाऱ्या कोलिमेटरच्या प्रकाशावर भिस्त.

इथे पुष्कळांची गल्लत होते. कडं सगळीकडून सारखंच उचललं गेलं, तर डीएसएलआरचा ऑटोफोकस बहुधा निभावून नेतो. फार दूरचं काही, म्हणजे बदलापूरहून दिसणारा चंदेरीचा सुळका, तेवढं स्पष्ट येईनासं होऊ शकतं. पण कडं तिरकं बसलं, की ग्रुप फोटोत डावीकडचे मामा रेखीव आणि उजवीकडच्या आत्या धूसर. मेन्यूतलं फाइन-ट्यून इथे कामाचं नाही, कारण ते सगळा फोकस एकदम पुढे-मागे सरकवतं.

हा तिरकेपणा कारखान्याच्या टूलरूममधला माणूस डायल गेजच्या काट्यावर पकडतो. अंबरनाथमध्ये तर १९५३ पासून मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. कॅमेरा दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांनी आधी काही महिने टूलरूममध्ये काढावेत, असं माझं ठाम मत आहे. धातूकाम आणि कॅमेरा यांचं नातं जुनंच आहे: कोल्हापुरात चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी सहकारी दामल्यांच्या साथीनं स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. अशा ऑटोफोकस नसलेल्या कॅमेऱ्यात लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यावर फोकस लावायचा, तर कड्याचं अंतर चुकून चालत नाही. आकडाच खोटा ठरतो.

काम झाल्यावर लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून दूरच्या इमारतीचा फोटो काढावा, चारही कोपरे मोठे करून पाहावेत. दुसरी लेन्स लावूनही तीच बाजू धूसर आली, तर दोष बॉडीत आहे. स्क्रू पुन्हा सैल करायचे आणि शिमपासून सुरुवात करायची.