'ख्रप' कोणाचा, 'खा' कोणाची?

थायलंडला निघालेल्या मंडळींकडून एक नियम मी इतक्यांदा ऐकला आहे की आता राहवत नाही. "पुरुषाशी बोलताना वाक्याच्या शेवटी 'ख्रप' म्हणायचं, बाईशी बोलताना 'खा'." साफ चूक! समोर कोण आहे याच्याशी या आदरार्थी शब्दांचा काही संबंध नाही. बोलणारा पुरुष असेल तर 'ख्रप', मग समोर आजी असो की पोलीस. बोलणारी बाई असेल तर 'खा'. शंका असेल त्यांनी थायलंडच्या रॉयल सोसायटीचा शब्दकोश पाहावा. 'ख्रप' हा पुरुषांनी वापरायचा शब्द, असंच तिथे नोंदलं आहे. मराठी माणसाने तरी इथे गोंधळू नये. 'मी जातो', 'मी जाते' म्हणताना आपण समोरच्याकडे बघून क्रियापद बदलतो का?

बायकांसाठी एक बारकावा आहे. विधानाच्या शेवटी 'खा'चा सूर खाली उतरतो. प्रश्नात तो आखूड 'ख' होतो आणि सूर चढतो. परवानगी मागणं म्हणजे प्रश्नच. फोटो काढू का, हे 'थाय रूप दाय मय' असं विचारतात (यातलं 'रूप' आपल्याच ओळखीचं), आणि त्यापुढे पुरुषाने 'ख्रप', बाईने चढा 'ख' जोडायचा. 'दाय' असं उत्तर आलं की काढा.

'खॉ थोत' म्हणजे फक्त माफी, हेही खरं नाही. अनोळखी माणसाचं लक्ष वेधून घ्यायलाही हेच म्हणतात. 'खॉ' म्हणजे मागणं आणि 'थोत' म्हणजे संस्कृतातला दोष, थाईत शिक्षासुद्धा. गर्दीतून वाट हवी असेल तर 'खॉ थांग नॉय'.

'प्लीज'साठी सर्रास 'करुणा' म्हणावं, हा आणखी एक समज. तो शब्द पाट्यांवर आणि उद्घोषणांत शोभतो. रोजच्या बोलण्यात विनंती मऊ करायला 'नॉय' पुरतो.

वेटरला चुटकी वाजवून बोलावलेलं तिथे चालतं, असं सांगणाऱ्यांवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. तो उद्धटपणाच समजला जातो. वयाने लहान असेल त्याला 'नाँग' म्हणजे धाकटं भावंड म्हणतात, आणि मोठ्याला 'फी', आपल्या दादा-ताईसारखं. यातला 'फ' फळातला, ओठ मिटून म्हणायचा.

'सवादी' हे थाई अभिवादनही प्राचीन काळापासून चालत आलेलं नाही. चुलालाँगकॉर्न विद्यापीठात शिकवणाऱ्या फ्राया उपकित सिलपसान यांनी 1930च्या दशकात 'स्वस्ति'वरून ते रूढ केलं, आणि 1943मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली.

तुमच्या सहलीच्या ग्रुपवर तो 'बाईशी खा'वाला नियम फिरत असेल, तर कृपा करून आजच दुरुस्त करा.