फुलांकडे सर्वांचे डोळे, बाळाकडे कोणाचे?

२०१९ च्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. वॉशिंग्टन शहरात दरवर्षी वसंत ऋतूत चेरीच्या फुलांचा मोठा उत्सव भरतो. १९१२ साली टोकियो शहराने भेट दिलेली ३,०२० झाडे तेथे आली, तेव्हापासूनची ही शोभा. त्याआधी १९१० मध्ये आलेली पहिली खेप किडकी निघाल्याने जाळून टाकावी लागली होती. शहरातल्या टायडल बेसिन नावाच्या तळ्याकाठी ही झाडे ओळीने उभी आहेत. फूल ऐन भरात असते ते जेमतेम काही दिवस. त्यामुळे गर्दी आपल्याकडच्या जत्रेसारखीच!

आम्ही सहा मोठी माणसे होतो. आम्ही दोघे, मुलगी, जावई आणि व्याही-विहीणबाई. सोबत पावणेदोन वर्षांचा नातू. बाबागाडीत कंटाळला म्हणून त्याला खाली सोडले. एका बहरलेल्या झाडाखाली फोटो काढायचे ठरले. कोणी पदर सावरत होते, कोणी कॅमेरा. मला वाटले, बाळ आईजवळ आहे. आईला वाटले, आजोबांजवळ आहे. इतक्यात जावई धावले. बदकाच्या मागे दुडदुडत निघालेले बाळ अगदी काठाशी पोचले होते. तेथे कठडा नव्हता आणि तळे साधारण दहा फूट खोल. जावयांच्या हाताला त्याच्या जाकिटाची टोपी लागली, म्हणून निभावले.

वाचकहो, मी स्वतः डॉक्टर. तरीही हे माझ्या डोळ्यांदेखत घडले. सहा जण लक्ष ठेवतात असे प्रत्येकाला वाटत होते, म्हणजे प्रत्यक्षात कोणीच लक्ष ठेवत नव्हते.

एक ते चार वर्षांच्या मुलांना पाण्याचा धोका सर्वांत जास्त. अमेरिकेत या वयाच्या मुलांच्या मृत्यूचे बुडणे हे प्रमुख कारण आहे. या वयात शरीराच्या मानाने डोके जड असते. मूल वाकले की तोल पुढे जातो आणि त्याला पुन्हा उठता येत नाही. त्यामुळे बादलीभर पाणीही पुरते. शिवाय बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. श्वासासाठीच धडपड चालू असल्याने आवाज फुटत नाही. आपण ‘ओरडेल तेव्हा धावू’ म्हणून निर्धास्त असतो आणि मिनिटभरात सारे शांतपणे घडून जाते. प्राणवायू न मिळाल्यास मेंदूला इजा व्हायला चार-सहा मिनिटे पुरेशी होतात.

आमच्या घरी त्या रात्रीपासून एक नियम झाला. सहलीत बाळाचा राखणदार एकच आणि तो नाव घेऊन ठरवायचा. त्याने फोटो काढायचा नाही, फोनवर बोलायचे नाही. पाण्याजवळ बाळ त्याच्या हाताच्या अंतरावरच हवे. कंटाळा आला तर ‘आता बाळ तुझ्याकडे’ असे तोंडाने सांगून, समोरच्याचे ‘हो’ ऐकूनच जागा सोडायची. शक्यतो सकाळी लवकर निघावे. गर्दी कमी असते आणि झोपेच्या वेळेआधी परतता येते. झोप आलेले मूल अधिक अडखळते.

हा नियम नदीचा घाट, धरण, विहीर आणि शेततळे यांनाही तितकाच लागू आहे. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद निसरडा असतो. मोठ्या माणसालाही त्यावरून वर येता येत नाही. शेततळ्याला कुंपण हवेच. घरी बादल्या रिकाम्या ठेवाव्यात, हौदावर झाकण असावे.

तरीही दुर्दैवाने प्रसंग आलाच, तर बाळाला उलटे टांगणे, गरगर फिरविणे, पोट दाबणे हे प्रकार मुळीच करू नयेत. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातले फुप्फुसात जाऊ शकते. दुसऱ्या कोणाला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगावे. बाळ श्वास घेत नसेल तर त्याला उताणे निजवून हनुवटी वर उचलावी. नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा हलके श्वास द्यावेत. छाती वर आलेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, एका तळहाताने मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाब द्यावा. छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश खाली गेली पाहिजे. नंतर दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत थांबू नये. बाळ शुद्धीवर आले तरी रुग्णालयात न्यावेच. श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

त्या दिवशीचा आमचा फोटो काही निघाला नाही. त्याची कोणालाच खंत नाही. फुले दरवर्षी येतात. सहलीला जरूर जा, बाळालाही न्या. पण निघताना डबा आणि पाण्याची बाटली घेतली का, असे विचारतो ना? त्यात आणखी एक प्रश्न घाला : आज बाळ कोणाकडे?