समजून घ्या : शिरूरच्या इंग्रजी छावणीत कोण राहायचं आणि त्यांचं पोट कशावर चालायचं?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या कासुर्डीकडून उत्तरेला निघून भीमा ओलांडली की शिरूर तालुका सुरू होतो. त्याच्या पलीकडच्या कडेला, घोड नदीच्या काठावर शिरूर शहर आहे. त्याला 'घोडनदी' असंही म्हणतात. रांजणगावला एमआयडीसी येण्याच्या जवळपास दोनशे वर्षं आधी या नदीकाठी बाहेरून आलेल्या माणसांची मोठी वस्ती होती. ती होती ईस्ट इंडिया कंपनीची छावणी.

छावणी शिरूरलाच का?

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं वसईचा तह केला. कंपनीची सहा हजारांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात राहणार आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख पेशवे तोडून देणार, असं ठरलं. या फौजेनं पुढे शिरूरला तळ दिला. नकाशा पाहिला की कारण कळतं. पुणे साधारण ६५ किलोमीटरवर आहे. इंग्रजांनी १८०३ मध्ये घेतलेला नगरचा (आताचं अहिल्यानगर) किल्ला त्याहून थोडा जवळ आहे, आणि जनावरांना प्यायला नदी आहे. पेशव्यांच्या दारात न बसताही त्यांच्यावर नजर ठेवता येत होती.

राहायचं कोण?

छावणी म्हटलं की लाल डगल्यातले गोरे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात गोरे मोजकेच होते. पलटणीतले बहुतेक शिपाई हिंदुस्थानी, आणि त्या काळच्या फौजांमध्ये लढणाऱ्यांपेक्षा त्यांच्यामागे येणारी माणसं कितीतरी जास्त असत. कातड्याच्या मशकीतून पाणी देणारे भिश्ती, बैलावर पखाल लादणारे पखाली, नालबंद, मोची, शिंपी, धोबी, शिकलगार, तंबू ठोकणारे खलाशी आणि आजाऱ्यांना वाहून नेणारे डोलीवाले. घोडदळात घोड्यामागे दोन माणसं लागत, एक मोतद्दार आणि एक रोज गवत कापून आणणारा. म्हणजे शंभर स्वार उभे करायचे तर दोनशे माणसांचा रोजगार, आणि त्यांची बायकामुलं वेगळीच.

शिपायाला बांधलेली बराक मिळत नसे. तो स्वतःची झोपडी उभारायचा, शिधा बाजारातून विकत आणून स्वतः रांधायचा. जातीचे नियम पाळणारे लोटा आणि दोरी जवळ ठेवत आणि पाणी आपलं आपणच काढत.

धान्य यायचं कुठून?

ही खरी अडचण होती. १८०३-०४ मध्ये पुणे-नगर भागात भीषण दुष्काळ पडला. पावसानं दगा दिला होता आणि त्याआधी फौजांनी गावंच्या गावं लुटली होती. अशा वेळी हजारो तोंडांची छावणी शेजारी असणं गावांना परवडणारं नव्हतं. तिची भिस्त होती लमाणांच्या तांड्यांवर. दूरच्या मुलखातून बैलांच्या पाठीवर धान्य आणून ते फौजेला विकत. हे तांडे वेळेवर पोहोचावेत म्हणून जनरल वेलस्ली किती जीव टाकत होता, ते त्याच्या पत्रांमधून दिसतं.

पैशाचीही गंमतच होती. बाजारात पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, शिवाय सुरती असे वेगवेगळे रुपये फिरत. प्रत्येकाचा भाव निराळा, त्यामुळे हातात पडलेला पगार आधी सराफाकडे न्यावा लागे आणि बट्ट्यात थोडा तिथंच कापला जाई.

मग लढाई?

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. पलटणीत महार सैनिक मोठ्या संख्येनं होते. दिवसभर पाण्यावाचून लढून उरलेले ३ जानेवारीला छावणीत परतले. सोबतचे स्वार नुकत्याच उभ्या राहिलेल्या पूना हॉर्सचे होते. तिथं शिलेदारी चाले, म्हणजे घोडा आणि हत्यार स्वाराचं स्वतःचं. पगार बरा दिसायचा, पण घोड्याची वैरण त्यातूनच, आणि घोडा मेला तर नोकरीच टांगणीला. या रिसाल्याचं ठाणं पुढे बराच काळ शिरूरला होतं. आज भारतीय लष्करात पूना हॉर्स आहे, पण रणगाड्यांसह.

छावणीचं काय उरलं?

सगळ्यात ठळक खूण म्हणजे कर्नल विल्यम वॉलेसची कबर. असईच्या लढाईत लढलेला हा अधिकारी तैनाती फौजेचा प्रमुख असताना मे १८०९ मध्ये शिरूरला वारला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये त्याच्याबद्दल वेगळीच नोंद आहे. शिरूर आणि आसपासच्या गावचे लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणत आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर आणून ठेवत. त्याला जाऊन तेव्हा पाऊणशे वर्षं झाली होती.