चढलेला कलप उतरतो का?

धावड्याहून (ता. भोकरदन) एका वाचक भगिनींनी विचारलंय : पुडीतला कलप सांगितल्यापेक्षा जास्त वेळ ठेवला गेला, केस काळेकुट्ट झाले, कपाळावर आणि कानामागे डाग पडले. घरच्या घरी उतरवता येईल का? लिंबू, खाण्याचा सोडा, भांड्यांचा साबण, सगळं करून झालंय.

कपाळाचा डाग सोपा. तिथे रंग कातडीच्या वरच्या, मेलेल्या थरातच बसतो. खोबरेल तेल चोळा, दहा-पंधरा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. राहील तो, तो थर झडेल तसा जाईल. केसांचं प्रकरण वेगळं आहे.

पुडीतल्या भुकटीत तयार काळा रंग सहसा नसतोच. असतं ते पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी. पाण्यात कालवलं की सोबतच्या घटकातून पेरॉक्साइड सुटतं. पीपीडीचे इवलेसे रेणू केसावरच्या खवल्यांतून आत शिरतात, तिथे त्यांचं ऑक्सिडीकरण होतं, ते एकमेकांना जोडले जातात आणि मोठे झाल्यावरच काळे दिसतात. चिंचोळ्या तोंडाच्या बाटलीत वाळके हरभरे टाकून वर पाणी ओतावं, तसं हे आहे. दाणे सहज आत गेले. फुगल्यावर बाटली उलटी करून कितीही झटका, बाहेर येत नाहीत. मग वाटा दोनच : दाणा आतल्या आत फोडायचा, नाहीतर पुन्हा वाळवून बारीक करायचा. ब्लीच पहिलं करतं, पण त्यात बाटलीलाही तडे जातात. सोड्याने खवले थोडे उघडतात, केस राठ होतो, रंग जागच्या जागी. लिंबाच्या आंबटपणाने तर खवले मिटतात.

दाणा ‘वाळवण्याची’ विद्या आपल्याकडच्या रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती, आणि ही गोष्ट सांगायला मला मनापासून आवडतं. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून दक्षिणेकडचे रंगारी निळीच्या रांजणात चुना आणि शिजवलेल्या तरोट्याच्या बिया घालून ते आंबवत. हो, पावसाळ्यात बांधावर माजतो तोच तरोटा. आंबवणारे जिवाणू निळीचं क्षपण करत. ती विरघळे आणि तिचा निळेपणा जाई. कापड रांजणातून पिवळट-हिरवं निघे आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होई. ऑक्सिडीकरणाने रंग येतो, क्षपणाने जातो, हे त्या माणसांनी कोणत्याही प्रयोगशाळेविना हाताळलं. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत विल्यम पर्किनच्या १८५६ मधल्या जांभळ्या रंगाला मोठा मान आहे. केसांच्या कलपाच्या इतिहासात १९०७ मध्ये असा रंग बाजारात आणणाऱ्या यूजीन श्युलेरला. रांजणापाशी बसलेल्या रंगाऱ्याचं नावही कुठे नाही, याचं मला वाईट वाटतं.

रंग काढण्याची जी तयार औषधं मिळतात, त्यांतली बरीचशी हेच क्षपण करतात. घरात त्याची सौम्य आवृत्ती म्हणजे क जीवनसत्त्व. कलपाच्या ट्यूबमध्ये रंग आधीच काळा पडू नये म्हणून कारखानदारही ते घालतात. मेडिकलमधल्या गोळ्या कुटून शाम्पूत कालवा, ओल्या केसांना लावून अर्धा तास झाकून ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. रंग एक-दोन दिवसांचाच असेल तर छटा उतरते. जुन्या, पक्क्या काळ्यावर फारशी आशा धरू नका. टाळूवर ओरखडे असतील तर हे करूच नका. धुण्यात कसूर झाली तर आत उरलेले रेणू हवेने पुन्हा काळे होतात, निळीच्या कापडासारखेच. त्याच दिवशी दुसरा कलप लावला तर त्यातलं पेरॉक्साइड हे काम आणखी झपाट्याने करतं. आणि खालचे केस मुळात पांढरे असल्यामुळे रंग उतरला तरी पिवळट-तांबूस झाक राहू शकते.

यापुढे मेंदी लावीन, असंही पत्रात आहे. अवश्य लावा, पण पाकीट वाचून. नुसत्या मेंदीतलं लॉसोन केसाला तांबूस-नारिंगी करतं, काळं कधीच नाही. तासाभरात केस काळे करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा तेच पीपीडी असतं. त्यावर ‘नैसर्गिक’ छापणं ही सरळ फसवणूक आहे.

अमेरिकेत १९३३ मध्ये पापण्यांना लावायच्या ‘लॅश ल्यूर’ या रंगाने बायकांचे डोळे गेले. त्यातही पीपीडीच होतं. सौंदर्यप्रसाधनांवरचा तिथला १९३८ चा कडक कायदा येण्यामागे जी प्रकरणं होती, त्यांत हेही होतं. आपल्याकडेही नियमाने कलपाच्या पाकिटावर इशारा छापावा लागतो : पापण्या-भुवयांना लावू नका, आणि आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडासा लावून चोवीस तास थांबा. ही चाचणी दर वेळी करायची. आजवर काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही, असं या रसायनाच्या बाबतीत नसतं. ॲलर्जी वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही उपटते.

तेव्हा ताई, डागाच्या जागी खाज, पुरळ किंवा पापण्यांवर सूज असेल, तर रंग उतरवण्याच्या भानगडीत पडू नका. केस साध्या पाण्याने धुवा आणि पाकीट सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. श्वास लागत असेल तर थेट दवाखाना गाठा. तसं काही नसेल तर क जीवनसत्त्व एकदा करून पाहा, रोज तेल लावा, आणि पुढच्या वेळी पुडी फोडण्यापूर्वी कपाळाला, कानामागे व्हॅसलीन चोळा. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. टोकं कापत गेलात की हा रंग तेवढ्याच गतीने जाईल.